एका कोयत्याची एक डबी

"पोटात हूकवर्म आहेत तुमच्या," वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम रिपोर्ट पाहत म्हणाल्या. हूकवर्म म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे बारीक जंत.

मी मात्र खूश झालो. कारण डबीतला माल माझा नव्हताच.

ऊसतोडीहून गावी, किन्हीराजाला परतल्यापासून मला धाप लागायची, म्हणून शौच तपासायला डबी मिळाली होती. सकाळी पोट नेमकं रुसलं. बायकोला, विमलला म्हटलं, तूच दे भरून. मुकादम नवरा-बायको मिळून एकच कोयता मोजतो. मग डबी तरी वेगवेगळी कशाला, हे माझं शहाणपण.

ते मी मॅडमना ऐटीत सांगितलं. लॅबच्या ताई ओढणीआड हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "आधी त्यांना आत बोलवा," म्हणाल्या.

विमल बाहेर भिंतीला टेकून बसली होती. मॅडमनी तिची पापणी खाली ओढली. आत नुसतं पांढरं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहणारा लाल घटक, बाराच्या वर हवं. तिचं निघालं साडेपाच. असंच चाललं असतं तर हृदय थकलं असतं, मॅडम म्हणाल्या.

दम लागत नव्हता का, त्यांनी विचारलं.

"लागे नं. पन आमी दोघंबी बसलो असतो तं ट्रक कोनं भरला असता?"

मी खाली पाहिलं. फडात 'तुले काय होते, तू तं घोडी आहेस' म्हणत मी माझ्याही मोळ्या तिच्याच डोक्यावर दिल्या होत्या.

मग माझी खरी डबी गेली. जंत माझ्यातही होते, हिमोग्लोबिन नऊ. ताईंनी जेवणाचा डबा बाजूला सारून मला मायक्रोस्कोपखाली अंडी दाखवली. बांधावर शौचाला बसायचं, त्याच चिखलात अनवाणी ऊस तोडायचा. त्या अंड्यांतून चिखलात निघालेल्या अळ्या तळव्यातून आत शिरतात. एवढ्या प्रेमानं माझा मूर्खपणा मला आजवर कोणी समजावला नव्हता.

विमलला दोन पिशव्या रक्त चढलं. आम्हा दोघांना जंताची गोळी आणि काही महिने लोहाच्या गोळ्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांनो, पायात बूट घाला, आणि धाप एकाला लागली तरी तपासा दोघांना.

परवा फेरतपासणीला गेलो. विमल दवाखान्याचा जिना न थांबता चढली. मी खालीच उभा.

"चाला नं," ती वरून म्हणाली. "काय पाहून राह्यले?"

तिलाच पाहत होतो.