चांगुणा उन्हानं गेली नाही

तिसरीची मुलं पाढे म्हणत होती, तेव्हा माझा भाऊ शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. वसईच्या दवाखान्यात चांगुणाला नेताना तिच्या अंगावर घातलेली चादर त्याच्या हातात होती, घडी करून... तो काही बोलायच्या आधीच मला कळलं. माझी भावजय गेली. बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. आज सव्वा महिना पुरा झाला. जगली असती तर आज न्हाऊनमाखून बाळंतिणीच्या खोलीबाहेर आली असती.

पाचूबंदरची ही पोर लग्न होऊन अर्नाळ्याला आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं, पण विचारल्याशिवाय ती काही मान्य करायची नाही. मी विधवा होऊन माहेरी परतलेली, गावात मास्तरीण; मलाही ती गप्प करायची. पोटुशी असताना ती नर्सबाईंकडे जाऊन सगळं विचारून आली. अंगाला हात लावण्याआधी साबणानं धुवायचा, फडकी उकळून कडक उन्हात वाळवायची, ताप आला किंवा वास आला तर त्याच दिवशी कळवायचं. आमच्याकडे बाळंतिणीला घरातली जुनीपानी फडकी देतात, कारण विटाळ फिटला की ती टाकायचीच असतात. शिवाय ती कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून अंधारात वाळवतात. आईनं तिला तेच बजावलं. चांगुणा म्हणाली, "आई, बोंबलाला ऊन नाय लागलं तर किडे पडतात. मग माझ्या फडक्यानं काय पाप केलं?" आई तोंड फिरवून बसली. मुलगी झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी उकळून घातलेली फडकी अंगणातल्या दोरीवर उघड्यावर वाळू लागली. शेजारणी कुजबुजल्या. चांगुणानं लक्ष दिलं नाही.

चौथ्या दिवशी शाळा तपासायला दिपोटीसाहेब यायचे होते, आणि चहा आमच्याकडे होता. त्यांच्या डोळ्यांसमोर ती फडकी! मला लाज वाटली. मी ती ओलीच काढली आणि माळ्याखाली, भिजल्या जाळ्यांशेजारी टाकली. साहेब चहा पिऊन गेले. आई खूश झाली होती, म्हणून मी ती परत बाहेर नेली नाहीत. पुढे रोज तिथंच टाकत राहिले, आणि अंथरुणावरच्या चांगुणाला सांगत राहिले की उन्हात वाळवलीत.

सातव्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप चढला. "वन्सं, वास येतोय," ती म्हणाली, "नर्सबायला बोलवा." आई म्हणाली, दूध उतरताना ताप येतोच. मी रोज वर्गात पोरांची नखं तपासणारी बाई, मला कळत होतं. पण नर्सबाई आल्या असत्या तर त्यांनी पहिलं हेच विचारलं असतं की फडकी कुठं वाळवता... दोन दिवस मी गप्प राहिले. नंतर नर्सबाई आल्या, गाडी जुंपली, दवाखाना गाठला, इंजेक्शनं झाली. सगळं उशिरा झालं. ती पोर माझ्या लाजेपायी गेली, हे मी आता कुणापासून लपवत नाही.

पण ऐकतंय कोण? गावानं आपला निकाल देऊन टाकलाय: चांगुणानं बाळंतपणाची फडकी उन्हात घातली, नजर लागली, म्हणून गेली. गरोदर बायकांना आता तिचा दाखला देतात. शेजारच्या काशीमावशीनं सुनेला हेच सांगितल्याचं कळलं, तेव्हा मी जाऊन तिच्यापुढं सगळं ओकले. मावशीनं पदरानं माझे डोळे पुसले. "मास्तरीन, मेलेलीचा दोष तू कशाला आंगावर घेतेस? लय मोठं मन तुझं." दुसऱ्या दोन घरांतही हेच झालं. भावालाही सांगितलं. तो ऐकून होडीवर निघून गेला आणि अजून माझ्याशी बोलत नाही. माझ्यावर विश्वास ठेवणारा तेवढा एकच.

म्हणून हे साप्ताहिकात छापायला पाठवते आहे. काशीमावशीच्या सुनेला वाचता येतं, माझ्याच वर्गात शिकली. छापलेलं खोटं नसतं, असं तिला मीच कधीतरी सांगितलं होतं. येत्या आठवड्यात तिचे दिवस भरतात. अंक आला की मी स्वतः तिच्या हातात देणार आहे, आणि तिचं वाचून होईपर्यंत तिथून हलणार नाही.