कसब्यातली शून्य ट्रिप

"कसब्यातली माणसं घराबाहेर पडत नाहीत का हो?" लिमये सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. वाहतूक नियोजन करणाऱ्या आमच्या ऑफिसचे ते बॉस. कागदावर कसबा पेठेतल्या सय्यद कुटुंबाच्या रोजच्या ट्रिप होत्या: शून्य. शेजारच्या घरांचंही तेच.

ट्रिप म्हणजे घरातून कामासाठी केलेली एक फेरी. कुठल्या भागातली घरं किती कार्बन हवेत सोडतात हे काढायचं, तर आधी ट्रिप मोजाव्या लागतात. आमच्या रिपोर्टने निष्कर्ष काढला होता, की रस्त्याअभावी इथली माणसं अडकून पडली आहेत, तेव्हा गल्ली रुंद करा. रुंदीकरणाची रेघ रफीकभाई सय्यदांच्या बुक बाइंडिंगच्या दुकानावरून जात होती. खाली दुकान, वर घर. प्रेझेंटेशन परवावर आलेलं.

मला राहवेना. मी स्वतः गेले.

"रफीकभाई, तुम्ही कुठेच जात नाही?"

"कोण म्हणालं? सकाळी दूध आणतो, नातीला शाळेत सोडतो. मग कागद आणायला, नमाजला, भाजीला. तुमचा माणूस विचारत होता, कोणत्या गाडीने जाता? गाडीच नाही, तर काय सांगणार?"

मी कपाळावर हात मारला. फॉर्म मीच केला होता. केला कसला, उड्डाणपुलाच्या जुन्या कामाचा उचलून तारीख बदलली होती. पुलावरून पायी कोण जाणार? त्यामुळे वाहनाचा रकाना रिकामा असला, की कॉम्प्युटर ती फेरी गाळून टाकायचा.

परतताना गल्लीतून मुद्दाम हळू चालले. माझं लहानपण सदाशिव पेठेतलं. शाळा, क्लास, दळण, दवाखाना, सगळं पायी. आई संध्याकाळी मंडईत जायची ती चार घरी बोलून यायची. तेव्हा याला कुणी लो-कार्बन म्हणत नव्हतं, 'जरा जाऊन येते' म्हणत. आता मी कात्रजच्या पुढे राहते. सोसायटीला सोलर हीटर आहे, ग्रीन सर्टिफिकेट आहे, आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठीही स्कूटर काढावी लागते. ते चालणं मला फार आठवतं.

"आता सांगताय?" ऑफिसात सर भडकले. "चूक कुणाची?"

"माझी."

"लेखी द्या."

दिलं. प्रेझेंटेशन पुढे ढकललं. पायी फेऱ्या धरून कसबा आणि आमचा कात्रजपुढचा भाग, दोन्हींचा सर्व्हे पुन्हा केला. कसब्यातली माणसं आमच्यापेक्षा जास्त वेळा बाहेर पडत होती, पण धूर जवळजवळ नव्हताच. आमच्या सोलर हीटरने वाचवलेलं सगळं मात्र रोजच्या गाड्यांनी खाऊन टाकलं होतं. रुंदीकरणाची शिफारस सरांनी स्वतःच्या हाताने खोडली.

रफीकभाईंना सांगायला गेले तेव्हा ते वहीचा पुठ्ठा चिकटवत होते.

"म्हणजे आम्ही चालतो, हे कळायला तुम्हाला दोनदा यावं लागलं," ते म्हणाले. हात मात्र थांबले होते. "बसा. चहा सांगतो."

मला भरून आलं. चहा पिऊन उठले.

या नोकरीत मी एक गोष्ट शिकले: एका कामाचा फॉर्म दुसऱ्या कामाला लावू नये. मग पार्किंगमधून गाडी काढली. घरी पोचायला सव्वा तास लागला. माझी ट्रिप कुठल्याही फॉर्ममध्ये व्यवस्थित बसली असती.