दवाखान्याचं नाटक

बाईंना नुसतं व्याकरण घोकून घेणं मानवत नसे. शिवणकारखान्याच्या वरच्या खोलीत त्या कामगार बायकांना इंग्रजी शिकवत, तेही नाटकं करून. कधी बँकेची खिडकी, कधी तिकिटाची रांग. मोडकंतोडकं बोला, पण बोला, एवढाच त्यांचा हट्ट. बायकांची हसून मुरकुंडी वळायची.

त्या दिवशी दवाखाना होता. डॉक्टर अर्थात बाई. पेशंट व्हायला चक्क काजवाली उठली. काजांच्या मशीनवर बसायची म्हणून हे नाव. एरवी ती तोंडातून ब्र काढत नसे.

"काय झालं?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"हात दुखतो," तीही इंग्रजीत म्हणाली. "नवरा ढकलतो."

वर्गात हशा पिकला. बाईही हसल्या आणि सवयीने चूक सुधारायला गेल्या, "ढकलतो नाही, ढकललं. भूतकाळ."

"नाही बाई. ढकलतो. रोज."

व्याकरण अचूक होतं.

वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं. तिने बाही खाली ओढली.

"ते इंग्रजीत होतं, बाई. आपल्या भाषेत मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा."

"आज माझ्याकडे चल."

"लेक शाळेतून येईल आता," म्हणत ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिची मशीन रिकामी. वर्गातलीच तिची घरशेजारीण रडकुंडीला आली होती. "मी आपलं गमतीने तिच्या नवऱ्याला सांगितलं हो, बायको छान नाटक करते म्हणून."

बाई तडक तिच्या घरी गेल्या. नवऱ्याने अदबीने खुर्ची पुढे केली.

"झोपलीय ती. बरं नाही."

"उठेपर्यंत बसते."

त्याचं चहाचं विचारून झालं, घड्याळाकडे बघून झालं, शेवटी त्याने आवाज चढवला. बाई उठल्या नाहीत. बऱ्याच वेळाने आतला पडदा हलला. एका हाताने लेकीला धरून काजवाली बाहेर आली. ओठ सुजलेला. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "चला बाई."

चार दिवस मायलेकी बाईंकडे राहिल्या. मग तिचा भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला. "नवऱ्याची समजूत काढू, मग पाठवू," असं तो दारातच म्हणाला, तेव्हा काजवालीने मान खाली घातली. बाईंना ते जिव्हारी लागलं. पुढे तिची काही खबर आली नाही.

दवाखान्याचं नाटक बाई अजून घेतात. आता एकेकीला आत बोलावतात, दार लावून घेतात, आणि भूतकाळ-वर्तमानकाळ करत बसत नाहीत.