टिकली लाव परत

माझी मुलगी कॅथलिक मुलाशी लग्न करणार, म्हणून लग्नाआधीच्या शिकवणीला दर रविवारी मी तिच्याबरोबर सुरतेतल्या लिंबायतहून चर्चमध्ये जायचे. शिकवणारे म्हातारे गृहस्थ फारच गोड बोलायचे. वाक्यागणिक गुजरातीत "बराबर ने?" म्हणायचे आणि उठून पंखा माझ्याकडे वळवायचे. एवढा गोडवा कशासाठी? हा माणूस पोरीला कधी बाटवतो, तेच मी बघत बसायचे.

एका रविवारी पोर दारातच टिकली काढून आत गेली. मी मनात म्हटलं, झालं सुरू!

त्यांनी चष्मा वर करून तिच्या कपाळाकडे पाहिलं. "कोणी काढायला सांगितली? लाव परत. बिशपांकडे परवानगी मागितली ती हिंदू मुलीशी लग्न करायची, बराबर ने?"

मग ते शेजारी बसलेल्या तिच्या होणाऱ्या नवऱ्याकडे वळले. "शब्द तू द्यायचा. मुलं होतील त्यांचा बाप्तिस्मा करायला, त्यांना आपल्या धर्मात वाढवायला तुझ्याकडून होईल तेवढं करशील?"

"करीन," तो म्हणाला. मुलगी खाली बघत टिकली चिकटवत होती.

"ताई, तुम्हीही ऐकलंत ना? मागाहून कळलं असं नको," म्हणत त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला.

चोरून काही केलं असतं, तर मला भांडता तरी आलं असतं.