डायरीत न लिहिलेले लाडू

मी होम सायन्सची पदवीधर. हे वाक्य तरुणपणी मी इतक्यांदा म्हटलंय, की लंडनमधल्या एजवेअरच्या आमच्या रस्त्यावरच्या मांजरांनाही ते पाठ झालं असेल. कुणी टोस्टला बटर लावलं, की मी त्यातले उष्मांक सांगायची. विचारलेलं कुणीच नसायचं. शेजारची इंग्रज बाई भाजी उकडलेलं पाणी सिंकमध्ये ओतायची, तेव्हा ती तान्हं मूलच ओतून देतेय अशा नजरेनं मी तिच्याकडे बघायची. सगळं सत्त्व त्या पाण्यात असतं, हे तिला कोण सांगणार? अर्थात मीच सांगितलं. दोनदा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार हॉस्पिटलात डायलिसिस. मशीन रक्त धुऊन द्यायचं, पण मुळात रक्तच कमी. हे कौन्सिलच्या ऑफिसात नकाशे काढायचे. पूर्वी बसच्या मागे धावणारा माणूस आता स्टॉपपासून घरापर्यंत येताना दोनदा कुणाच्या तरी कुंपणाला टेकायचा. चेहरा कणकेसारखा पांढरा. मधूनमधून रक्त चढवायचे, तेवढ्यापुरती तरतरी, की पुन्हा तेच.

रक्त कमी? एवढंच ना! हे तर माझ्या सिलॅबसमधलं.

मी कामाला लागले. सकाळी उठल्याउठल्या भिजवलेल्या काळ्या मनुका आणि वर त्यांचंच पाणी. अकराला बिटाचा रस. चारला हळीव, खारीक, खजूर आणि गुळाचा लाडू, लिंबाएवढा. कुणी ओळखीचं भारतातून येणार असलं, की त्यांच्या बॅगेत माझी हळिवाची पुडी ठरलेली. हे निमूटपणे खायचे. बायको पदवीधर असली की नवऱ्याला फारसे पर्याय राहत नाहीत.

हॉस्पिटलातली डाएटिशियन माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान होती. वेल्समधल्या मेंढ्यांच्या फार्मवर वाढलेली, लाल गालांची, जाड बूट घालणारी, बॅगेत छोटा वजनकाटा घेऊन हिंडणारी. ‘ही मला आहारशास्त्र शिकवणार!’ असं मी मनात म्हटलं. तिनं काय खायचं नाही याची यादी दिली आणि रोजचं खाणं लिहायला एक डायरी दिली. यादीत ‘सुका मेवा’ होता. पण ते टीव्हीसमोर बसून मूठमूठ तोंडात टाकणाऱ्यांसाठी असणार, हे माझं मीच ठरवलं.

डायरी मी सुंदर अक्षरात भरायची. दोन पोळ्या, एवढा भात, एवढी भाजी.

हे एकदा म्हणाले, “अगं, लाडू नाही लिहायचा?”

“तो काय खाणं आहे? औषध आहे ते. औषधं डॉक्टर लिहितात.”

“बरं. मग हे प्रिस्क्रिप्शन कुठल्या डॉक्टरचं?”

मी ह्यांच्या हातात लाडू दिला.

शुक्रवारचं डायलिसिस झालं, की सोमवारपर्यंत मधे दोन दिवस काही नाही. एका रविवारी हे फारच मलूल दिसले म्हणून मी दोन लाडू दिले. दुपारी जिना चढताना तिसऱ्या पायरीवर ह्यांचे पाय ओल्या फडक्यासारखे खाली बसले. “पाय माझे नाहीतच गं,” एवढंच म्हणाले. नाडी हाताला लागेना, आणि लागली तर इतकी सावकाश, की पुढचा ठोका येईपर्यंत मी श्वास धरून बसायची. ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात रविवार असूनही ह्यांना लगेच मशीनवर घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं की रक्तातलं पोटॅशियम भयंकर वाढलंय, हृदय थांबायच्या बेतात होतं, आणि पुन्हा असं झालं तर वेळेत पोचालच याची खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी ती डाएटिशियन माझी डायरी घेऊन ह्यांच्या पलंगाशी बसली.

“डायरी अगदी छान आहे,” ती म्हणाली. “पण डायरीचं आणि रक्ताचं पटत नाहीये.”

मी खिडकीबाहेर बघितलं. तिनं पुढे काही उकरलं नाही. सहज गप्पा माराव्यात तसं विचारलं, “तुमच्याकडे बाळंतिणीला काय खायला घालतात हो?”

मग काय! हा माझा प्रांत. मी खुर्ची पुढे ओढली. हळीव काय, डिंक काय, खारीक, खजूर, मनुका, बीट, शहाळ्याचं पाणी. कशानं दूध येतं, कशानं रक्त वाढतं, सगळं सांगत सुटले. तिनं पान भरून लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून हळू आवाजात विचारलं, “आणि तुमच्या घरात सध्या रक्त कुणाचं कमी आहे?”

मी ह्यांच्याकडे बघितलं.

ह्यांनी डोळे मिटलेले होते. तसेच म्हणाले, “होम सायन्सला हा धडा नव्हता वाटतं.”

मग तिनं समजावलं. रक्त बनवा, हा निरोप हाडांच्या आतल्या मगजाला किडनी पाठवते. निरोपच जात नसेल तर लाडवांचा ढीग घातला तरी कारखाना बंदच. लोह कमी पडलं तर ते आम्ही तपासून देऊ. पण या लाडवांतलं पोटॅशियम धडधाकट माणूस लघवीवाटे टाकून देतो, ह्यांना ते दारच उरलेलं नाही. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत सगळं आत साठतं.

म्हणजे मी रोज चार वाजता, प्रेमानं, लिंबाच्या आकाराचं...

मी रडायला लागले. तिच्या जागी मी असते तर सबंध वॉर्डला ऐकू जाईल असं लेक्चर झाडलं असतं. ती म्हणाली, “चूक माझ्या यादीची आहे. तिच्यात केळी आहेत, चॉकलेट आहे, बटाट्याचे क्रिस्प्स आहेत, तुमचे लाडू मात्र नाहीत. तुमचं घर कुठे आहे?”

आणि पुढच्या गुरुवारी ही बाई माझ्या स्वयंपाकघरात हजर! बूट दाराशी काढून, मोज्यांवर. एकेक डबा उघडला, हुंगला, तोलला. मग म्हणाली, बटाट्याच्या बारीक फोडी करा, भिजत घाला, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी टाकून द्या.

“टाकून?”

“टाकून.”

पातेलं सिंकवर धरलं आणि माझा हातच वळेना.

“ओता तुम्ही,” ती म्हणाली, “मी बघत नाही.” आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

ओतलं बाई एकदाचं. त्या बेचव फोडींना मी मोहरी, हिंग, हिरव्या मिरचीची फोडणी दिली, मीठ नावापुरतं. तिनं घास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, नाक पुसलं आणि पुन्हा ताटली पुढे केली. तेव्हापासून मी तिची भक्त. महिन्याभरात तिनं आपल्या लोकांसाठी वेगळी यादी केली. तिच्यात हळीव होते, शहाळं होतं, आणि सगळ्यांत वर एक प्रश्न होता: घरी औषध म्हणून काय देता? मी पदवी घेऊन एवढी वर्षं मिरवले, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

एक-दोन वर्षांत किडनीचा तो हरवलेला निरोप इंजेक्शनमधून द्यायची सोय आली. ह्यांच्या नखांखाली गुलाबी रंग दिसायला लागला. कुंपणं सुटली. भूक परतली आणि भुकेबरोबर हट्टही. एका बुधवारी म्हणाले, “टोमॅटोचं सार पाहिजे. नाहीतर हे मशीन काढा.”

मी म्हटलं, “अहो, टोमॅटो? त्यात पोटॅशियम किती! वेड लागलंय का?”

डाएटिशियननं मात्र वही काढली, काहीतरी आकडेमोड केली. मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तासात, म्हणाली, अर्धी वाटी. मशीन ते काढून घेईल. ह्यांना दिवसभरात मोजून मिळणाऱ्या पाण्यातून मात्र तेवढं वजा.

पुढच्या सोमवारी मी थर्मास घेऊन गेले. झाकण उघडलं आणि तूप-जिऱ्याचा वास सगळ्या वॉर्डभर. पलीकडचा म्हातारा इंग्रज क्रिस्प्स चघळायचा थांबला. ही बाई घड्याळ हातात धरून शेजारी उभी. हे एकेक चमचा घेत होते, घेतला की डोळे मिटत होते. इतक्या सावकाश, की मला वाटलं पहिला तास संपेल आणि वाटी तशीच राहील. शेवटी वाटी वाकडी करून कडेचा थेंबही चाटला आणि रिकामी वाटी तिच्यापुढे धरली.

“आणखी?”

तिनं वाटी काढून घेतली.

“बुधवारी,” ती म्हणाली.

“बरं,” हे म्हणाले, आणि शहाण्या मुलासारखे पांघरूण ओढून पडून राहिले.