खिचडीवाल्या गंगूबाईनं तोंड उघडलं

अकोट तालुक्यातल्या एका खेड्यात गंगूबाई एकोणीस वर्षांपासून शाळेची खिचडी शिजवते. शिक्षण चौथीपर्यंत, पण आवाज असा की वर्गातल्या बाई शिकवता शिकवता थांबतात.

गेल्या एप्रिलात, पत्रे तापून फुटायला आलेले असताना, सहावीतली पौर्णिमा स्वेटर घालून जेवायला बसली. गंगूबाईनं तिला स्वयंपाकखोलीत बोलावलं.

"काहून वो, थंडी वाजून राहिली का तुले?"

पोरीला रडूच फुटलं. छातीत डाव्या बाजूला गाठ आली होती, हात लागला तरी दुखायची. आजीनं फडक्यानं छाती करकचून बांधून दिली होती. "मले मोठा रोग झाला, गंगूमाय."

गंगूबाईला जुनं आठवलं. तिलाही असंच बांधलं होतं. पुढं अंगावरून पांढरं जायला लागलं, तेव्हा मायनं वैदूकडून कडू काढा आणला आणि चाळीस दिवस तिला अळणी जेवायला घातलं. रोज सकाळी उठलं की ती आधी आपण जिवंत आहोत का ते बघायची. सात-आठ महिन्यांनी पाळी आली. त्या पांढऱ्याचा या पाळीशी काही संबंध असतो, हे तिला कोणी सांगितलं नाही.

तिनं पौर्णिमाचं फडकं सोडलं आणि तिला गावातल्या आशा सेविकेकडे, प्राजक्ताकडे नेलं. प्राजक्तानं तपासलं आणि हसून म्हणाली, "छाती अशीच वाढायला लागते. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. उंची वाढंल, काखेत केस येतील, पांढरं जाईल. पाळी त्याच्याही मागून, दोनेक वर्षांनी. पांढऱ्याले घाण वास आला, खाज सुटली, तर मात्र मले सांगजो."

शनिवारी जेवणं झाल्यावर गंगूबाईनं सहावी-सातवीच्या पोरींना बसवून हेच सगळं सांगितलं. आवाज खाली न आणता.

सोमवारी शाळा समितीचे अध्यक्ष महादेवराव दारात उभे. "गंगूबाई, तुमी खिचडी शिजवा. पोरीइले वंगाळ शिकवू नका."

"वंगाळ काय हाय त्यात, भाऊ? तुमच्या मायले पाळी आली म्हणून तुमी जन्मले."

"कामावरून काढून टाकीन!"

"काढा. चूल शाळेची हाय. तोंड माहं हाय."

गुरुवारी समितीची बैठक लागली. गंगूबाई एकटीच गेली. पण थोड्या वेळानं पौर्णिमाची आई सीमा आली, आणि तिच्या मागून अकरा बाया.

सीमा कधी चार माणसांत बोललेली नव्हती. पदर कमरेला खोचून म्हणाली, "माह्या सासूनं लेकरू बांधलं आन् मी पाहत राहिली. मले काही मालूमच नव्हतं. गंगूबाईले काढसान, तर आमच्या पोरी तिच्या घरी जाऊन शिकतील."

मुख्याध्यापिकांनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: दर शनिवारी अर्धा तास, मुलींसाठी, गंगूबाई व प्राजक्ताताई.

आता पोरींच्या मागं त्यांच्या आयाही येऊन बसतात. परवा एका म्हातारीनं विचारलं, "मंग माह्या अंगात खराबी नव्हती का वो?"

"नव्हती," गंगूबाई म्हणाली. "कोनी सांगितलं नाई तुले, एवढंच."

महादेवराव अजून तिच्याशी बोलत नाहीत. त्यावाचून तिचं काही अडलेलं नाही.