मागच्या सीटवरची माणसं

"चाला, बठा मांगे!"

गॅरेजवाल्या नानांची ही हाक आली की आमच्या मेहरूणच्या गल्लीत सगळे समजायचे, कुणाच्या तरी गाडीचे मागचे बुश बदलून झालेत आणि आता वजनाला माणसं हवी आहेत.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर तुम्हाला हे ठाऊक असेलच. बुश म्हणजे मागच्या चाकांच्या दांड्यात बसणारं रबर. ते बदलायला गाडी जॅकवर उचलावी लागते, तेव्हा चाकं लोंबतात. तशाच स्थितीत बोल्ट पक्के आवळले तर गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. म्हणून नाना बोल्ट नुसते अडकवत, गाडी चाकांवर उतरवत, मागे माणसं बसवत आणि मग पाठीवर सरपटत खाली जाऊन आवळत. "गाडी मानसंनी शे," ते म्हणत, "मानसं बठाडीसनच बोल्ट आवळना पडस."

त्यांच्या तावडीतून कुणी सुटलं नाही. सावद्याचे एक केळीचे व्यापारी अंगाने चांगलेच भरलेले होते. त्यांना पाहून नानांनी आधी बसलेल्यांना खाली उतरवलं, "तुम्ही एकलाच बठा!" माझी आई तर मेथीची जुडी आणि ताट घेऊनच येऊन बसायची. गाडीखालून आवाज यायचा, "हालू नको, माय!" आणि आई मेथी हातात धरून श्वास रोखायची.

समोर एका तरुणाने नवं गॅरेज काढलं होतं. नाना त्याच्यावर सदा घसरत. "तो टांगेल गाडीना बोल्ट आवळस. हाई काम नही, पाप शे." तो बिचारा ऐकून हसायचा आणि आपल्या कामाला लागायचा.

गेल्या वर्षी माझ्या गाडीचे मागचे बुश गेले. संध्याकाळी गाडी आणायला गेलो तर ती तयार होती. हाक तर ऐकू आली नव्हती. मी सहज विचारलं, "नाना, आज कुणाला बसवलं?"

"बठाडेल व्हतात ना," ते म्हणाले आणि हात पुसू लागले. हात आधीच पुसलेले होते. ते मला दिसलं, पण मी चावी घेऊन निघालो.

काही महिन्यांनी आईला बहिणीकडे धुळ्याला नेत होतो. पारोळ्याच्या पुढे एक ट्रक शेजारून गेला आणि गाडीची मागची बाजू अशी झोकांडली की आईने पुढची सीट घट्ट धरली. गाडी कशीबशी सावरली. बाकीचा रस्ता मी रांगत काढला. धुळं येईपर्यंत आईने ती सीट सोडली नाही.

परत आल्यावर गाडी नानांकडे नेली. त्यांनी मागचं चाक उचललं, टॉर्च लावून चाकाआड पाहिलं. नवं रबर बोल्टाभोवती पिळून फाटलं होतं. गल्लीतली चार माणसं जमलीच होती. नानांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी म्हणालो, "मालच खराब निघाला असेल, नाना."

त्यांनी टॉर्च बंद केला.

"माल चांगला व्हता. मी खोटं बोलनू, भाऊ. कोनलेच बठाडं नही मी." मग आवाज खाली गेला. "कंबर वाकस नही. गाडीखाले जाताच येत नही आते. टांगेल गाडीनाच बोल्ट आवळात. तुनी माय बठस या गाडीमा."

मला मान वर करवेना. त्यांच्याऐवजी मलाच लाज वाटत होती. चार माणसांसमोर गाडी आणली नसती तर बरं झालं असतं, असं वाटलं. पण नाना तिथे थांबले नाहीत. ते रस्ता ओलांडून समोरच्या गॅरेजात गेले. ज्याला ते पापी म्हणत, त्याच्यापुढे उभं राहून त्यांनी काय सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. त्या तरुणाने पाना उचलला आणि तो त्यांच्यामागून आला.

त्याने नवे बुश बसवले, बोल्ट अडकवले, गाडी चाकांवर उतरवली. मग थांबून नानांकडे पाहिलं. एवढं सगळं त्याने नानांची बोलणी ऐकून ऐकूनच शिकून घेतलं होतं.

आता हाक यायला हवी होती. आई आमच्या दारातच उभी होती, ती पुढे झाली. नानांनी तिला हातानेच थांबवलं.

"आज मी बठसू मांगे."

इतक्या वर्षांत नानांना कुठल्याच गाडीत मागे बसलेलं मी पाहिलं नव्हतं. ते दार धरून हळूच आत शिरले, मधोमध बसले आणि खांद्यावरचा रुमाल तोंडावर ओढून घेतला. खाली पाना फिरत होता. बोल्ट आवळून झाले, तो तरुण बाहेर आला, कपडे झटकून म्हणाला, "झालं, नाना." तरी ते उतरेनात.

दुसऱ्या दिवसापासून नानांचं शटर उघडलं नाही. ते धुळ्याकडच्या आपल्या गावी गेले, एवढंच कळलं.

गाडी आता रस्त्यावर सरळ चालते. आई मात्र मागे बसली की मधोमध बसत नाही, एका कडेला सरकते. परवा मी तिला म्हटलं, "आई, नीट ऐसपैस बस की."

"असू दे," ती म्हणाली. "तिथे नाना बसलेत."